ठासणीची बंदूक : हिवाळ्यातील वापर

तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजाने ठासावी लागते ती ठासणीची बंदूक. नळीत पेचदार खाचा असतील तर ती ठासणीची रायफल. सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर हिवाळ्यात ती उडवायची, तर थंडीपेक्षा दवाची धास्ती अधिक धरावी लागते.

शोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असे शेकडा प्रमाण असलेली काळी दारू गारठ्यामुळे पेटायची थांबत नाही. कोरडी असेल तर शून्याखालीही ती पेट घेते. ओल लागली की मात्र बार फुसका जातो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी काही पहाटे दव गोठून गवत पांढरे होते, आणि त्याच दिवशी दुपारी हवा खडखडीत कोरडी पडते. एकाच दिवसात या दोन्ही हवा सोसाव्या लागतात, हीच इथली खरी अडचण.

रात्रभर राखणीवर गार पडलेली बंदूक घरात आणली, की चुलीवरच्या पाण्याची वाफ आणि माणसांचे श्वास थंड लोखंडावर पाणी होऊन बसतात. बाहेरून नळी पुसता येते. आत, केपेखालच्या, म्हणजे घोड्याच्या घावाने फुटून दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीखालच्या, बारीक वाटेत ओल राहतेच. थंड बंदूक थंड जागीच ठेवावी असे जाणकार सांगतात, ते यासाठी. ठेवताना ती रिकामी आणि कुलपात हवी. शेकोटीशेजारी बसताना दारूची पिशवी दूर ठेवावी, कारण एक ठिणगी पुरे होते.

दुपारची अडचण निराळी. काळी दारू जळली तरी वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू न होता धूर व काजळी होऊन उरतो. दमट हवेत ही काजळी चिकट चिखलासारखी होते, तर कोरड्या थंडीत तिची टणक खपली धरते. रायफलीच्या खाचांत ती साचली की दोन-तीन बारांनंतरच गोळी गजाला दाद देत नाही. जोर लावूनही गोळी दारूपर्यंत न पोचता मध्येच अडकली, तर तो बार उडवणे जिवावर बेतते, नळी फाटू शकते. म्हणून प्रत्येक बारानंतर किंचित ओलसर चिंधी आणि मागून कोरडी चिंधी फिरवावी. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत यावर चांगला तोडगा होता. तिची शिशाची गोळी नळीहून किंचित लहान आणि बुडाशी पोकळ असे. भरताना ती सहज उतरे, बार होताच फुगून खाचा धरी.

गारठ्यात चरबी व जाड तेल थिजते, घोडा मंद पडतो आणि केपेवर हवा तसा घाव बसत नाही. केप फुटूनही बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेलाच रोखून निदान मिनिटभर थांबावे. पेट उशिराही लागतो.

मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निघत, म्हणजे तोड्याच्या, जळत्या वातीने पेटवायच्या, बंदुकांचा हंगामच थंडीचा. प्रतापगडाची लढाई १० नोव्हेंबर १६५९ ची. जळता तोडा विझू न देणे आणि कान्यावरची, म्हणजे नळीच्या पेटवायच्या छिद्रावरची, रंजक (पेट देणारी बारीक दारू) दवापासून झाकणे, ही बंदूकधाऱ्याची रोजची काळजी.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. रानडुकरांनी रात्रीत उभे पीक लोळवलेले पाहणाऱ्याला तिची गरज समजते. तरीही परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि कोयनेचे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते.

काजळी पाणी ओढून घेते, तेव्हा त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवावी. तापलेले लोखंड आपोआप वाळते. मग तेलाचा हात. पुढच्या वेळी भरण्याआधी हे तेल पुसून, रिकाम्या नळीचे तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून एक केप फोडतात. पाते हलले, तर वाट मोकळी आहे.