मेल सर्व्हर, स्वतःचा

ईमेल स्वीकारणे, साठवणे व पुढे धाडणे ही कामे जीमेल, आउटलुक अशा सेवादात्यावर न सोपवता आपल्या डोमेनसाठी (पत्त्यातील ‘ॲट’नंतरच्या नावासाठी) आपल्याच ताब्यातील संगणकावर करण्याची पद्धत.

ईमेलच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत १९६५ च्या सुमारास एकाच संगणकाचे वापरकर्ते परस्परांसाठी निरोप ठेवू लागले. काही अभ्यासक आरंभ तिथे मानतात. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला आणि पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह आणले. मुंबईत जन्मलेल्या शिवा अय्यादुरै यांनी ‘ईमेल’ या प्रणालीचा १९८२ मध्ये अमेरिकेत स्वामित्वहक्क (कॉपीराइट) नोंदवला. त्यावर उभा असलेला जनकत्वाचा दावा तंत्रज्ञानाच्या बहुतेक इतिहासकारांना मान्य नाही. प्रस्तुत विषयापुरते टॉमलिन्सन यांच्यापासून सुरुवात करणे सयुक्तिक, कारण टपाल कोणत्या यंत्रावर उतरणार हे तेव्हापासून पत्त्यातच लिहिले जाऊ लागले.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मांडलेल्या एसएमटीपी या टपाल धाडण्याच्या संकेतात लहान सर्व्हर, मोठा सर्व्हर असा भेद नाही. पाठवणारा सर्व्हर पलीकडच्या सर्व्हरच्या पोर्ट २५ वर (टपालासाठी ठरलेल्या प्रवेशक्रमांकावर) जातो, आपले नाव सांगतो, दोन्ही पत्ते देतो, मग मजकूर. शेवटी एका ओळीवर एकटे टिंब. उत्तर ‘२५०’ आले की पत्राची जबाबदारी पलीकडच्याची. ४ ने सुरू होणारा आकडा आला तर पत्र रांगेत थांबते व पुन्हा धाडले जाते. ५ म्हणजे नकार. पलीकडून उत्तरच आले नाही, तरीही पत्र रांगेतच राहते. निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नये, असे संकेत सांगतो. त्यामुळे घरचा सर्व्हर रात्रभर बंद राहिला तरी येणारे पत्र सहसा हरवत नाही. ही जुनी तरतूद फार शहाणपणाची आहे.

खरी अडचण पाठवण्यात येते. घरगुती जोडणीवर पोर्ट २५ अनेकदा बंद असते आणि अशा जोडणीच्या आयपी पत्त्यांवर (इंटरनेटवरील संगणकाच्या अंकी पत्त्यांवर) मोठे सेवादाते विश्वास ठेवत नाहीत. आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, डोमेनच्या नावे कोणते सर्व्हर पत्र धाडू शकतात हे सांगणारी एसपीएफ नोंद, पत्र बनावट नाही हे दाखवणारी डीकेआयएमची सही, या तपासण्या फसल्यास काय करावे हे सांगणारी डीमार्क नोंद हे सारे नीट असले तरी शेजारच्या आयपीवरून स्पॅम गेल्यामुळे आपले पत्र स्पॅममध्ये पडू शकते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी अटी आणखी कडक केल्या. पोस्टफिक्स, एक्झिम, डव्हकॉट ही मेल सर्व्हर चालवण्याची मुक्त सॉफ्टवेअर उत्तम आहेत. विश्वासार्हता मात्र त्यांच्यासोबत मिळत नाही.

सर्व्हरपेक्षा डोमेन आपले असणे अधिक मोलाचे, असे मत जाणकारांत आढळते व ते ग्राह्य वाटते. डोमेन आपले असेल तर एमएक्स नोंद (डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरवर जावे हे सांगणारी) बदलून सेवादाता बदलता येतो, पत्ता तोच राहतो. सेवादात्याने खाते बंद केले, तर त्याच्या नावावरचा पत्ता मात्र कायमचा जातो. बँक, विमा, शाळा सगळीकडे तोच दिलेला असतो.

‘.भारत’ हे डोमेन २०१४ मध्ये खुले झाले. पोस्टफिक्सने २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून देवनागरी पत्ते स्वीकारले. असे पत्र पोहोचण्यासाठी पलीकडच्या सर्व्हरलाही तीच सोय असावी लागते.