ज्यूट आणि अंबाडी: पोत्यात सारखी, शेतात वेगळी

बारदानाच्या ढिगातून निव्वळ ज्यूटचं पोतं कोणतं आणि अंबाडीचा वाख (सालीचा धागा) मिसळलेलं कोणतं, हे नजरेने ओळखणं कठीण. शेतात मात्र चूक होऊ नये. ज्यूटचं पान लांबट, दातेरी. देठाजवळचे सर्वांत खालचे दोन दाते बारीक शेपटीसारखे लांबलेले असतात. फूल इवलंसं, पिवळं. अंबाडीचं पान बहुतेकदा पंजासारखं फाटलेलं, चवीला आंबट, आणि फूल चांगलं मोठं, फिकट पिवळं, मधोमध गर्द तांबडा डाग असलेलं.

खरा फरक पाण्याचा. ज्यूटला उबदार, दमट हवा, गाळाची जमीन आणि १५०० मिमीच्या आसपास पाऊस मानवतो. म्हणूनच ते गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात रुजलं. वसंतात पेरलं की साधारण १२० दिवसांत कापणीला येतं. अंबाडी जूनच्या पावसावर पेरतात. हलक्या जमिनीत, कमी पाण्यातही ती तगते, पण जास्त दिवस घेते.

१९४७च्या फाळणीत हुगळीकाठच्या गिरण्या भारतात राहिल्या आणि ज्यूटची उत्तम शेतं बरीचशी पूर्व बंगालात गेली. तेव्हा अंबाडीचं महत्त्व वाढलं. आंध्र किनाऱ्यावरच्या बिमलीपट्टणम बंदरातून जाणारा तिचा वाख व्यापारात ‘बिमली ज्यूट’ म्हणूनच खपायचा, त्यामुळे घोळात भरच पडली.

वाख काढायची रीत दोन्हींची एकच. कापलेल्या काड्यांच्या पेंढ्या संथ पाण्यात दोन-तीन आठवडे कुजवायच्या. वाखाला काडीशी चिकटवून ठेवणारा पेक्टिन जिवाणू विरघळवतात. अंबाडीची गोची इथेच होते: जिथे ती पिकते त्या कोरडवाहू मुलखात पीक तयार होईपर्यंत डबकी आटत आलेली असतात. कमी पाण्याचं पीक म्हणून तिची वाहवा करताना हा खर्च कुणी मोजत नाही.

ज्यूटचा धागा मऊ, बारीक कातता येतो. त्याचं तरट होतं, गालिच्याचं अस्तर होतं. अंबाडीचा वाख राठ. दोर, सुतळी, पोत्यातली भेसळ आणि अख्ख्या काडीचा कागदासाठी लगदा.

बियाण्याची गंमत आहे. चांगल्या वाखासाठी ज्यूट बी पिकण्याआधीच कापावं लागतं. त्यामुळे बंगालच्या शेतकऱ्याचं बरंचसं बियाणं आपल्या महाराष्ट्रातल्या आणि आंध्रातल्या कोरड्या हवेत तयार होऊन तिकडे जातं.