गिअरचा कॉम्प्युटर गेला म्हणे!

मार्च महिना, घरात कापूस भरून ठेवलेला, भाव वाढेल वाढेल म्हणून थांबलेलो, आणि अशात दारव्ह्याहून कारंज्याला लग्नाला निघालो तर शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या, गंजलेल्या रुळांपाशी गाडीनं गिअर घेणंच बंद केलं. माझी गाडी क्लच पेडल नसलेली, लोक सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात तसली. समोर गिअरचा आकडा लुकलुकतोय, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी ढिम्म. बंद करून चालू केली तर चार किलोमीटर चालली, परत तेच.

टोचन करून जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या वर्कशॉपला नेली. पोरानं स्कॅनर लावला, दहा मिनिटांत निकाल: गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गेला, 48 हजार, लेबर वेगळं. मी म्हटलं थांबा जरा, आणि गाडी परत टोचन करून गावात आणली. बायको म्हणाली तुमचा जीव कायमचाच चिक्कू, तर असो.

आता हा कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण मलाही तोवर माहीत नव्हतं, शाळेत विज्ञान शिकवतो तरीही. माझ्या गाडीत एएमटी आहे. आपल्याकडे हा प्रकार 2014 मध्ये सेलेरिओबरोबर आला आणि मग स्वस्त गाड्यांमध्ये सगळीकडे पसरला. यात गिअरबॉक्स साध्या गाडीचाच असतो, क्लचही तोच, फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम एक मशीन करतं. माझ्या गाडीत एक छोटा पंप तेलाचं प्रेशर तयार करतो, ते 40-50 बारच्या आसपास, म्हणजे टायरातल्या हवेच्या जवळपास वीसपट, आणि त्या प्रेशरवर व्हॉल्व्ह उघडबंद करून क्लच दाबला जातो, गिअर सरकवला जातो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की बॉनेटखाली घुर्रर असा बारीक आवाज येतो ना, तो हाच पंप, तुम्ही बसायच्या आत प्रेशर भरून ठेवतो. आणि केव्हा क्लच सोडायचा, किती हळू सोडायचा, चढावर आहे की उतारावर, हे सगळं ठरवणारा एक चपटा डबा म्हणजे तो कॉम्प्युटर. टीसीएम म्हणतात त्याला, तळहातापेक्षा थोडा मोठा.

जुन्या काळी हे काम कॉम्प्युटरशिवायच व्हायचं. अमेरिकेत 1940 च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबाईल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स आला, त्यात वायर नाही काही नाही, नुसतं तेल, स्प्रिंगा आणि बारीक बारीक नाल्या. गाडीचा वेग वाढला की एका बाजूचं तेलाचं प्रेशर वाढायचं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दुसऱ्या बाजूचं, आणि दोघांच्या ढकलाढकलीत गिअर बदलायचा. मला तर ते आजच्यापेक्षा भारी वाटतं, पण ते जाऊ द्या.

गावात परत आल्यावर मी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. दारव्ह्याला ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान आहे त्याचं, शाळेत मागच्या बाकावर बसायचा, ओहमचा नियम मीच शिकवला होता त्याला आणि पेपरात त्यानं तो उलटा लिहिला होता.

"सर, कॉम्प्युटर गेला असं कोनी सांगतलं तुमाले?"

"स्कॅनरनं."

"स्कॅनर काही सांगत नाही सर, तो फक्त तक्रार वाचून दाखवते. तक्रार कोनाची, कोनाविरुद्ध, ते आपल्याले पाहा लागते. कॉम्प्युटर उपाशी आहे का, मुका आहे का, आंधळा आहे, हे पाह्यल्याशिवाय मेला म्हनू नये."

हे तीन शब्द मी लगेच वहीत लिहून घेतले.

आधी स्कॅनरचं. स्टिअरिंगखाली एक 16 पिनांचं सॉकेट असतं, अमेरिकेत 1996 पासून विकल्या जाणाऱ्या कार्सना हे सक्तीचं झालं आणि आता आपल्याकडच्याही सगळ्या नव्या गाड्यांत असतं. माझ्या गाडीत दोन कोड होते. पहिला पी 0700. वर्कशॉपवाल्यानं हाच दाखवून कॉम्प्युटर गेला म्हटलं होतं, पण या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार आहे, ती त्यालाच जाऊन विचारा, म्हणजे ही नुसती चिठ्ठी झाली, रोगाचं नाव नाही. आणि दुसरा यू 0101, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर सांगतोय की गिअरवाल्याशी माझं बोलणं तुटलं. आता शेजारी फोन उचलत नाही म्हणजे तो वारलाच असं थोडीच असतं, त्याची बॅटरी उतरली असेल, रेंज नसेल.

तर आधी उपाशी. त्यानं टीसीएमच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला, प्लसवर 12.5 व्होल्ट, ठीक. मग अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वायर. मी म्हटलं अर्थची वायर ओहमवर लावून बघ, तर हसला. ओहमवर त्यानं मला दाखवलंही, 0.3 आला, आणि मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना लावल्या तर 0.2. म्हणजे वायरीचा रेझिस्टन्स फार तर 0.1 ओहम, एकदम चांगली वायर म्हणाल तुम्ही, मीही म्हटलं.

"आता पंप चालू करतो, मंग पाहा."

मीटर व्होल्टवर घेतला, एक टोक कॉम्प्युटरच्या अर्थ पिनवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. दोन्ही अर्थच, तेव्हा फरक शून्याच्या आसपास हवा, फार तर 0.1-0.2 व्होल्ट. मला दार उघडायला सांगितलं, घुर्रर झालं, आणि मीटरवर 1.9.

इथे मला माझाच धडा आठवला. पंप 20 अँपिअर घेतो धरा, रस्त्यात 0.1 ओहम, गुणाकार केला की 2 व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. पंपाची आणि कॉम्प्युटरची अर्थ एकाच बोल्टवर, त्यामुळे पंप चालला की कॉम्प्युटरचीही जमीन 2 व्होल्टनी वर उचलली जाते, बॅटरी तेवढ्यात थोडी खाली येते, आणि 12 वर चालणाऱ्या बिचाऱ्याला दहाच्याही खाली मिळतं, मग तो झोपतो. बारीक करंटवर मोजणाऱ्या ओहम मीटरला यातलं काहीच दिसत नाही, लोड असताना व्होल्टच मोजायला पाहिजे. ज्यानं पेपरात नियम उलटा लिहिला तो मला हे कोठ्याशेजारी उभं राहून समजावत होता आणि मी हो हो करत होतो.

मग तो अर्थचा बोल्ट शोधला, बॅटरीच्या ट्रेखाली, आणि काय सांगू, तिथे उंदराचं घर! कापूस घरात, गाडी कोठ्याला लागून, उंदरानं घरातला कापूस बॉनेटखाली नेऊन मस्त गादी केली होती, त्यावर पिल्लं सुद्धा. कापूस ओल धरून ठेवतो, त्यात उंदराचं मूत, आणि खाली तांब्याची वायर. सगळी हिरवीगार होऊन भुसभुशीत झालेली, बोट लावलं तर पावडर हातात. शेजारच्या दोन वायरींचं प्लास्टिकही कुरतडलेलं. वायर नवीन, बोल्ट पॉलिशपेपरनं घासून चकचकीत, वरून ग्रीस, खर्च 350 रुपये. पंप चालू केला तर फरक 0.06 व्होल्ट. गाडी पळाली.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं.

मे महिना लागला. आपल्याकडचा मे म्हणजे सांगायला नको, पारा 45-46, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. यवतमाळहून येताना भर दुपारी परत तेच, आकडा लुकलुकतोय, गाडी ढिम्म. लिंबाखाली तासभर उभी केली, चालू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काही नाही, दुपारी बंद. मी त्याला फोन केला, म्हटलं अर्थ परत गेली तुझी. तो आला, मोजली, 0.06 च.

मग मुका का ते पाहिलं. गाडीतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी दोनच वायरींवर बोलतात, कॅन बस म्हणतात त्याला, बॉश कंपनीनं 1986 मध्ये आणलेली पद्धत. दोन वायरी एकमेकींना पीळ दिलेल्या. गप्प असताना दोन्हीवर 2.5 व्होल्ट, बोलताना एक 3.5 वर चढते, दुसरी 1.5 वर उतरते, आणि ऐकणारा फक्त दोघींतला फरक बघतो, त्यामुळे बाहेरचा काही गोंगाट आला तरी दोन्हीवर सारखाच येतो आणि फरकात पुसून जातो. या वायरींच्या दोन टोकांना 120-120 ओहमचे रेझिस्टन्स असतात, म्हणून बॅटरी काढून सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये मोजलं की 60 आलं पाहिजे. 120 आलं तर कुठेतरी एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. आमचं 60 बरोबर आलं. आंधळा म्हणजे स्पीडचा, क्लचचा सेन्सर वगैरे, पण त्याचे कोड वेगळे येतात आणि ते नव्हतेच.

म्हणजे पोटभर खायला आहे, बोलायला रस्ता आहे, तरी गप्प. आता मात्र खुद्द डब्यावर संशय.

पण तरीही त्यानं लगेच निकाल दिला नाही. रसवंतीवरून 10 रुपयांचा बर्फ आणला, दोन पन्न्यांमध्ये घट्ट बांधला, वरून कोरडं फडकं, पाणी आत जायला नको, आणि गरम टीसीएमवर ठेवला. पाच मिनिटांनी स्कॅनरवर गिअरवाला बोलायला लागला! बर्फ काढला, घरातून केस वाळवायचं मशीन आणून गरम हवा मारली, बंद. परत बर्फ, चालू. तीनदा केलं. मी म्हटलं पुरे, पटलं.

हे का होतं? गाडी उन्हात, इंजिन गरम, बॉनेटखाली 80 अंशाच्या वर सहज जातं, रात्री परत 30. आतल्या बोर्डावर चिनीमातीसारख्या सिरॅमिकचे पार्ट असतात, ते एका अंशाला दहा लाखात 6-7 भाग फुगतात, खालचा बोर्ड साधारण 15, प्लास्टिकचं कनेक्टर त्याहून जास्त. 5 मिलिमीटरच्या पार्टमध्ये 50 अंशाला हा फरक दोन-तीन हजारांश मिलिमीटर, केसाच्या जाडीचा पंचविसावा-तिसावा भाग. एवढासा, पण रोज दोनदा, सात वर्षं. ती ओढाताण सगळी मधल्या सोल्डरच्या थेंबावर येते आणि मग तार वाकवून वाकवून तोडतो तसा तो थेंब एक दिवस चिरतो. चीर थंडीत मिटलेली राहते, गरम झालं की उघडते.

आता तुम्ही म्हणाल वर्कशॉपवाला शेवटी खराच निघाला ना. नाही हो! त्याचं ऐकून मार्चमध्ये नवा बसवला असता तर तो त्या हिरव्या अर्थवर उपाशीच राहिला असता, आणि मग आणखी काय काय बदलायला सांगितलं असतं देव जाणे.

बदलायचं ठरल्यावर मी पुन्हा चिक्कूपणा केला. नागपूरहून भंगारातला सेकंडहँड मिळवला, लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून. बॅटरीचं मायनस काढलं, दहा मिनिटं थांबलो, हात गाडीच्या उघड्या लोखंडाला लावून अंगातली स्टॅटिक घालवली, कनेक्टरचं लॉक ओढलं, डबा बसवला. स्कॅनरवर बोलतोय, पण पहिला गिअर पडताना गाडी शेळीसारखी उडी मारते आणि लगेच न्यूट्रल. कारण त्याच्या पोटात दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर, आणि दुसऱ्याच क्लचची सवय. प्रत्येक क्लच घासत घासत वेगळ्या जागी धरायला लागतो, ती जागा टीसीएम शिकून लक्षात ठेवतो. नवी गाडी चालवायला घेतली की आपलाही पाय दोनचार दिवस चुकतोच ना, तसं. काही गाड्यांत तर जुना डबा चोरीविरोधी कुलपामुळे स्वीकारतच नाहीत.

शेवटी नवाच घेतला, दुखलं पण घेतला. त्यात कंपनीचं सॉफ्टवेअर आणि माझा चेसिस नंबर भरायचं काम सॉकेटमधूनच होतं, पण त्या वेळात व्होल्टेज पडलं तर अर्धवट लिहिलेला कॉम्प्युटर कायमचा दगड होऊ शकतो, म्हणून बॅटरीला चार्जर लावून ठेवतात. आमच्याकडे दुपारी लाइन कधी जाईल त्याचा भरवसा नाही, तर त्यानं चार्जर इन्व्हर्टरवर घेतला आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला वीस मिनिटं गिरणी बंद ठेवायला लावली. मग क्लच शिकवणं: गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, स्कॅनरनं हुकूम दिला की टीसीएम क्लच अगदी हळू सोडत जातो आणि आतला शाफ्ट फिरायला लागला की म्हणतो, हं, इथं धरतो. तसंच प्रत्येक गिअरची जागा. बाहेरून नुसतं टक टक, घुर्रर, टक ऐकू येत होतं.

जुना डबा त्यानं उघडला, मी शाळेतून भिंग आणलं होतं. कनेक्टरच्या एका पिनाभोवती सोल्डरमध्ये गोल चीर, विहिरीच्या कठड्यासारखी. त्यानं ती परत सोल्डर केली, गरम हवेत अर्धा तास ठेवून पाहिलं, बोलतोय.

"बसवून देऊ का सर परत, नवा वापस करून?"

वापस कोण घेणार, त्यात माझा चेसिस नंबर लिहून झालेला. जुना आता डिक्कीत जॅकच्या बाजूला आहे, प्लास्टिकच्या डब्यात, उंदरांना लागू नये म्हणून.