पावसाचं जॅकेट: पाणी अडलं, घामाचं काय?

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. जॅकेट महागाचं घेतलं, लेबलवर १०,००० लिहिलंय, तरी मसाई पठार ओलांडेपर्यंत आतला टी-शर्ट पिळून काढायची वेळ आली. जॅकेट गळतंय, असं सगळ्यांना वाटतं. पण बऱ्याचदा ते पाणी बाहेरून आलेलंच नसतं. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळालेली नसते. पावसाच्या कपड्यांचा इतिहास मुख्यतः या घामाशी झालेल्या झटापटीचा आहे. तो माहीत असला की दुकानात नेमकं काय तपासायचं, ते कळतं.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पट्ट्यात रोप लावणीला इरलं असायचं. कोल्हापूर शहरात वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस पडतो, तर तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे. त्या पावसात दिवसभर वाकून काम करायचं, तर अंगाला चिकटणारं काही चालत नाही. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी विणायची आणि दोन जाळ्यांच्या मध्ये पळसाची किंवा सागाची पानं खालून वर, एकावर एक चढवत बसवायची, म्हणजे वरच्या पानावरचं पाणी खालच्या पानाच्या पाठीवर पडतं. इरलं डोक्यावर टेकतं आणि पाठ झाकतं, पण पाठीला चिकटत नाही, त्यामुळे खालून हवा खेळती राहते. उणीव एकच, पण मोठी: उभं राहून चालायला लागलं की वारा ते उलटवतो, आणि झुडपांत ते अडकतं.

म्हणून मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगराच्या खांद्यावर घोंगडं आलं. दख्खनी मेंढीची लोकर, हातमागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टण कोडोलीच्या घोंगड्यांचं नाव आजही घेतलं जातं. डोक्यावर खोळ करून घेतलेलं घोंगडं पाणी पूर्णपणे अडवत नाही, पिऊन घेतं. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा तंतूच्या आत सामावून घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. शिवाय ओलावा शोषताना ती थोडी ऊब सोडते. पण पूर्ण भिजलं की तेच घोंगडं उचलवत नाही आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. पॉलिथीनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये लागला. पुढे ते स्वस्त होऊन गावोगाव पोचलं आणि इरलं, घोंगडं दोन्ही मागे पडली. खताच्या पिशवीची खोळ आणि प्लास्टिकचा कागद फुकटात पाणी अडवायचे, पण घाम पहिल्यांदा कोंडला तो त्यांच्यातच.

युरोपात हाच प्रश्न शंभर वर्षं आधी उभा राहिला होता. ग्लासगोचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंतोश यांनी १८२३ मध्ये पेटंट घेतलं. डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचं आणि तो लेप दोन कापडांच्या मध्ये दाबून बसवायचा. कापडातून पाणी जाईना, पण बाकीच्या अडचणी उभ्या राहिल्या. उन्हात रबर चिकट व्हायचं, थंडीत ताठ व्हायचं, वास मारायचा. लोकरीतलं नैसर्गिक तेल रबराला खायचं. आणि शिंपी शिवताना सुईची जी भोकं पाडायचा, त्यातून पाणी आत यायचं. रबराचा चिकटपणा १८४० च्या दशकात व्हल्कनायझेशनने, म्हणजे रबर गंधकासह तापवण्याच्या पद्धतीने, गेला. भारतात १९२० मध्ये सुरेंद्र मोहन बोस यांनी बंगाल वॉटरप्रूफ सुरू केली आणि ‘डकबॅक’ रेनकोट घराघरांत गेला. बसस्टॉपवर उभं राहायला तो उत्तम, किल्ल्याच्या चढावर मात्र नाही.

दुसरा रस्ता लेपाशिवायचा होता. इंग्लंडच्या थॉमस बर्बेरी यांनी १८७९ च्या सुमारास गॅबर्डिन काढलं: सूत आधी जलरोधक करायचं आणि मग घट्ट विणायचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये व्हेंटाइल हे सुती कापड तयार झालं. भिजलं की त्याचं सूत फुगतं आणि विणीतल्या फटी बंद होतात. ही कापडं श्वास घेतात, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडतात, पण दिवसभराच्या संततधारेत जड होतात. युद्धानंतर नायलॉन सर्वसामान्यांच्या हाती आलं. १९६५ मध्ये पॅरिसमध्ये के-वे नावाचं जॅकेट निघालं, घडी करून कमरेला बांधता येणारं. हलकं, रंगीत, तरुणांना आवडणारं असं पावसाळी जॅकेट फॅशनमध्ये आलं ते तेव्हापासून. पुढे नायलॉनला आतून पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली. बाजारातली बहुतांश परवडणारी जॅकेटं आजही त्याच जातीची आहेत.

मोठी उडी १९६९ मधली. अमेरिकेतले अभियंते बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, कांडी हळू न ओढता झटक्यात ओढली. ती तुटली नाही, उलट कित्येक पट लांबली आणि आत सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. ही छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा छिद्रांचा पातळ पडदा (गोर-टेक्स) लावलेली जॅकेटं विक्रीला आली. सुरुवातीच्या जॅकेटांत अंगाचं तेल पडद्यात मुरून गळती व्हायची, म्हणून आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर आला. शिवणीची भोकं टेपने बंद होऊ लागली.

आता आपल्या हवेचा मुद्दा, जो लेबलवर कुठेच नसतो. पडदा वाफेला ढकलत नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबात जेवढा फरक, तेवढीच वाफ बाहेर जाते. जॅकेटच्या आत ३० अंशांची दमट हवा असेल तर तिथला दाब सुमारे ४.२ किलोपास्कल. युरोपातल्या ५ अंशांच्या पावसाळी दिवशी बाहेर ०.८, म्हणजे फरक ३.४. जुलैत मसाई पठारावर २२ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता धरली, तर बाहेर २.५ आणि फरक जेमतेम १.७. तेच जॅकेट इथे निम्म्यानेच काम करतं. श्वसनक्षमतेचे १०,००० किंवा २०,००० ग्रॅम हे आकडे बाहेर पडणाऱ्या वाफेचे, प्रति चौरस मीटर, प्रति २४ तास असतात. त्यांच्या एका प्रचलित चाचणीत ओलावा खेचणारं पोटॅशियम अ‍ॅसिटेटचं द्रावण वापरतात. सह्याद्रीच्या धुक्यात असं खेचणारं काही नसतं. म्हणून या आकड्यांवर जादा पैसे घालण्याआधी काखेखालची चेन बघा. ती २५–३० सेंमी लांब आणि दोन्ही बाजूंनी उघडणारी हवी. आपल्या घाटमाथ्यासाठी, माझ्या मते, ही चेन पडद्याच्या नावापेक्षा महत्त्वाची आहे.

पाणी अडवण्याचा आकडा वेगळा. १०,००० मिमी म्हणजे कापड दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. नुसत्या पावसाचा दाब फार कमी असतो, पण सॅकचा पट्टा खांद्यावर दाबतो तिथे आणि ओल्या दगडावर बसतो तिथे तो कित्येक पट वाढतो. गावात फिरायला ५,००० पुरतात, सॅक घेऊन दोन दिवस चालायला १०,०००. खांद्याच्या माथ्यावर, म्हणजे नेमकी पट्ट्याखाली, शिवण असलेलं जॅकेट टाळा.

दुकानात अंगात घालूनच बघा. दोन्ही हात वर करा: खालची कड पट्ट्याच्या वर सरकली तर पाठ भिजणार. टोपी घट्ट करून मान वळवा: टोपीही वळली पाहिजे, नाहीतर आडव्या पावसात तुम्ही तिच्या अस्तराकडे बघत चालाल. खिसे सॅकच्या कंबरपट्ट्याच्या वर असावेत. अंगालगत बसणारा कट छान दिसतो, पण आत टी-शर्टवर पातळ फ्लीस मावेल एवढी जागा ठेवा, कारण कापड त्वचेला चिकटलं की तिथे लगेच चिकचिक होते. रंगाचं म्हणाल तर काळा आणि ऑलिव्ह रंकाळा तलावाकाठी शोभतात, पण धुक्यात पंधरा पावलांवरचा माणूस त्यात हरवतो. गडद निळ्या अंगाला केशरी किंवा पिवळी टोपी असेल, तर दोन्हीकडे चालतं.

जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो. नव्या जॅकेटवर पाणी अळवाच्या पानावर जसं घरंगळतं, तसं ते या लेपामुळे. लेप उतरला की वरचं कापड पाणी पितं, वाफेची वाट बुजते आणि जॅकेट गळल्याचा भास होतो. हे लेप फ्लोरीनच्या रसायनांचे असत. ती निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून आता हटवली जात आहेत. कॅलिफोर्नियात तर कपड्यांसाठी १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्यावर बंदी आली आहे. काही प्रकारच्या जॅकेटांना तिथे २०२८ पर्यंत सवलत आहे. नवे फ्लोरीनमुक्त लेप पाणी झटकतात, पण तेल झटकत नाहीत. घाम, सनस्क्रीन, सॅकच्या पट्ट्याचा मळ यांनी ते लवकर निकामी होतात, म्हणून जॅकेट जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. धुण्याची साधी पावडरही नको, तिचा अंश कापडात राहून पाणी ओढतो. सौम्य द्रव साबण घ्या, दोनदा खळबळा, सावलीत वाळवा. लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तर वर सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवा, उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. ऑक्टोबरात जॅकेट ठेवताना ते ओलसर राहू देऊ नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. दमट उबेत पॉलियुरेथेन विघटित होतं, आणि पुढच्या जूनमध्ये आतला लेप पापुद्र्यांनी सुटतो, शिवणीची टेप उचलली जाते. लेप असा सुटला की दुरुस्ती नाही. नुसती टेप सुटली असेल, तर मात्र सीम सीलरने, म्हणजे शिवणीला लावायच्या चिकट द्रवाने, ती बसवता येते.