जाते

धान्य दळण्याचे, हाताने फिरवायचे दगडी यंत्र; कोल्हापूरकडे बोलीत ‘जातं’. गल्लीतल्या विजेच्या गिरणीने रोजचे दळण नेले, तरी भरडा काढण्यासाठी आणि लग्नात हळकुंडे दळण्यासाठी ते आजही मांडले जाते. कृषी पर्यटनाच्या ठिकाणी पाहुण्यांनाही त्यावर दळता येते.

काळ्या बेसॉल्टचे दोन गोल दगड हे त्याचे मुख्य भाग. ४० सेंटिमीटर व्यासाचा, ६ सेंटिमीटर जाडीचा वरचा दगडच २० किलोंच्या पुढे भरतो. खालच्या दगडाच्या मध्यावर खीळ असते. वरच्याच्या तोंडात, म्हणजे मधल्या भोकात, आडवी लाकडी पट्टी बसवलेली असते आणि ती या खिळीवर टेकते. कडेला दगड फिरवायचा खुंटा. तो सैल झाला की हातात गचके बसतात, म्हणून पाचर ठोकून आधी घट्ट करावा.

जात्याची सगळी करामत दोन दगडांमधल्या फटीत आहे. पीठ हवे असेल तर दगड जवळ. भरडा हवा असेल तर खिळीवर चिंधीची छोटी चुंबळ ठेवून वरचा दगड किंचित उचलतात. चुंबळ एका बाजूला जाड झाली तर दगड कलतो आणि निम्मे पीठ, निम्मा भरडा पडतो. तोंडात घालायच्या धान्याच्या मुठीला वैरण म्हणतात. ती जास्त झाली की पीठ रवाळ पडते. वैरण संपली आणि दगड तसाच फिरत राहिला, तर दगडावर दगड घासून पिठात कचकच येते. ही चूक नवख्याकडून हमखास होते. पडलेले पीठ चिमटीत चोळून पाहत वैरण कमी-जास्त करावी. एकट्या माणसाचे तासाभरात किलो-दोन किलो बारीक पीठ होते. समोरासमोर दोघी बसल्या की श्रम वाटले जातात.

दमट धान्य दगडांवर कोरलेल्या खाचांत चिकटते, म्हणून आधी ऊन द्यावे. तेलकट मसाला जात्यात घालू नये. कोल्हापुरी चटणी डंकात, म्हणजे कुटायच्या यंत्रात, कुटतात ती उगाच नव्हे. जोंधळा मात्र लागेल तेवढाच दळावा. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात.

खाचा झिजल्या की दगड गुळगुळीत फिरतो, जोर कमी लागतो आणि धान्य मात्र अर्धवट दळून बाहेर पडते. अशा वेळी छिन्नीने पुन्हा टाकी लावावी, म्हणजे खाचा पाडाव्या लागतात. खाचा मध्यावर खोल आणि कडेकडे उथळ हव्यात, म्हणजे दाणा आत शिरतो आणि बाहेर येता येता बारीक होतो. टाकीनंतरची पहिली दोन-तीन मुठी कणी दळून टाकून द्यावी; त्यात दगडाची कच असते.

छत्रपती संभाजीनगरची ऐतिहासिक पाणचक्की याच तत्त्वावर चालते. तिथे खुंट्याला हात नाही, वरून पडणारे पाणी दगड फिरवते.

दळताना म्हटलेल्या ओव्या हे बायकांचे स्वतःचे वाङ्मय. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांची लय दगडाच्या फेऱ्याशी बांधलेली आहे. नुसत्या वाचताना ती निम्मीच कळते.