वैशाखातली हवा आणि छोटं विमान

वैशाखात कोकणात घामाच्या धारा लागल्या की आपण म्हणतो, "आज हवा जड झालीय." विमानाच्या पंखाला मात्र तीच हवा विरळ पडते.

तापलेली हवा पसरते. उड्डाणशास्त्रात प्रमाण मानलेल्या 15 अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा 34 अंशांची हवा सुमारे 6 टक्के विरळ असते. त्यात दमटपणाची भर. पाण्याचा रेणूभार 18, नायट्रोजनचा 28, ऑक्सिजनचा 32; म्हणजे हवेत वाफ शिरली की जड रेणूंची जागा हलके रेणू घेतात. अशा दुपारी सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, उभ्या असलेल्या चार आसनी विमानाला मिळणारी हवा, प्रमाण हवामानात 700 मीटरवर, म्हणजे आंबोलीच्या उंचीवर असते तितकी किंवा त्याहून विरळ असते. पंखाला उचल कमी, इंजिनाला प्राणवायू कमी. साहजिकच जमीन सोडण्याआधीची धाव लांबते.

समोरून खारा वारा असेल तर मोठा आधार. 55 नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) जमीन सोडणाऱ्या विमानाला समोरून 11 नॉटचा वारा मिळाला, तर धाव साधारण एक-तृतीयांशाने घटते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहत असताना उड्डाणाची दिशा बदलायलाच हवी.

चिपीची धावपट्टी 2500 मीटरची, छोट्या विमानाला भरपूर. खरी परीक्षा चाकं सुटल्यावर होते. जमिनीपासून पंखांच्या विस्ताराहून कमी उंचीवर, म्हणजे सेसना 172 या चार आसनी विमानासाठी सुमारे 11 मीटरच्या आत, पंखांच्या टोकांशी उठणारे भोवरे जमिनीमुळे दबतात आणि हवेचा विरोध कमी होतो. त्यामुळे पुरेसा वेग नसतानाही विमान उचललं जातं. वैमानिकाला वाटतं, जमलं. तो नाक वर खेचतो, जमिनीजवळचा हा आधार सुटतो आणि विमान पुन्हा खाली बसू लागतं. म्हणून चाकं सुटल्यावर नाक आवरून आधी वेग घ्यायचा. सेसना 172 सर्वांत झपाट्याने उंची गाठतं ते सुमारे 74 नॉटला. समोर माड आडवे असतील तर 62 नॉटला कमी अंतरात जास्त उंची मिळते.

या टप्प्यात इंजिन बंद पडलं, तर पहिली कृती नाक खाली करण्याची, कारण चढत्या विमानाचा वेग काही सेकंदांत ओसरतो. मागे वळण्याचा मोह जीवघेणा ठरतो. धावपट्टीशी पुन्हा रेषेत यायला अर्ध्या वर्तुळाहून जास्त वळावं लागतं, आणि कलंडलेल्या पंखांवर उंची आणखी भराभर जाते. उतरायचं ते समोर, थोडं डावी-उजवीकडे, जिथे मोकळा सडा किंवा भाताचे रिकामे कुणगे दिसतील तिथे.