डिझेल इंजिन स्वॅपमध्ये क्लच, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची जुळणी

गाडीचं मूळ इंजिन काढून त्याजागी दुसरं डिझेल इंजिन टाकलं की क्लच, गिअरबॉक्स, फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), प्रॉपेलर शाफ्ट (ती ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा दांडा) हे मागचं सगळं त्याला जोडलं जातंय का आणि जोडल्यावर टिकणार का हे बघावं लागतं, त्यालाच जुळणी म्हणायचं. इंजिन चेसिसमध्ये बसवणं त्या मानाने सोपं, माउंटिंग नीट बनवली की ते काम मार्गी लागतं. खरं डोकं आणि खरा पैसा फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या, मागे जातो आणि बरेचसे स्वॅप तिथेच अडकून पडतात.

आधी टॉर्क. कमिन्सचं ३.९ लिटरचं फोर बीटी इंजिन घ्या, पॉवर साधारण १०५ एचपी, पण टॉर्क ३६० न्यूटन मीटरच्या आसपास आणि तोही खालच्या आरपीएमला. लोक हा आकडा बघून गिअरबॉक्स निवडतात ते बरोबरच आहे, पण ट्रान्सफर केसला नुसता इंजिनचा टॉर्क मिळत नाही, गिअरने गुणलेला मिळतो. एनव्ही ४५०० गिअरबॉक्सचा पहिला गिअर ५.६१ चा, म्हणजे ट्रान्सफर केसच्या तोंडाशी सुमारे २०२० न्यूटन मीटर, आणि त्यात ट्रान्सफर केसची २.७२ ची लो रेंज टाकली की प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) जवळपास ५५०० पर्यंत जातो. म्हणून हिशोब मागून पुढे करावा असं माझं ठाम मत आहे, आधी अ‍ॅक्सल आणि टायर, मग ट्रान्सफर केस, मग गिअरबॉक्स.

आरपीएमचा हिशोबही मागूनच सुरू होतो. पेट्रोल इंजिन ५००० च्या पुढे फिरतं, पण फोर बीटीसारखं जुन्या धाटणीचं डिझेल २५०० च्या आसपासच दम टाकतं. ७८५ मिमी व्यासाचा टायर, अ‍ॅक्सल ४.१० चा आणि टॉप गिअर डायरेक्ट (१:१) असेल तर ताशी ९० किमीला इंजिन २५०० वर येतं, म्हणजे त्यापुढे गाडी जाणारच नाही. तिथेच ०.७३ चा ओव्हरड्राइव्ह (डायरेक्टच्याही वरचा गिअर) असेल तर १८०० च्या थोडं वर, एकदम आरामात. ओव्हरड्राइव्ह नसेल तर क्राउन-पिनियन बदला नाहीतर ट्रान्सफर केसचा हाय रेशो बदला. लँड रोव्हरच्या एलटी २३० ट्रान्सफर केसमध्ये ही सोय छान आहे, डिफेंडरमध्ये हाय रेशो १.४१ चा आणि डिस्कव्हरीत १.२२ चा येतो, लो मात्र दोन्हीकडे ३.३२.

आता जोड. बेल हाउसिंगचा (क्लचवरचं, गिअरबॉक्स इंजिनला जोडणारं आवरण) बोल्ट पॅटर्न प्रत्येक कंपनीचा वेगळा, पण औद्योगिक डिझेलला एसएई नंबर, म्हणजे ठरलेलं प्रमाण माप, असतो, ३ नंबरला हाउसिंगचं गोल तोंड ४०९.५७५ मिमी आणि २ नंबरला ४४७.६७५ मिमी, दोन्हीला १२ बोल्ट. पॅटर्न जुळत नसेल तर अ‍ॅडाप्टर प्लेट लागते, आणि प्लेट आली की तिच्या जाडीएवढा गिअरबॉक्स मागे सरकतो, मग इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगपर्यंत (क्रँकच्या मागच्या टोकातलं, शाफ्टला आधार देणारं) पोचतंय का, क्लच प्लेटचा हब दात्यांवर पूर्ण बसतोय का, स्टार्टरचा पिनियन रिंग गिअरला लागतोय का, सगळंच परत मोजावं लागतं. शाफ्टच्या टोकाला थोडी मऊ क्ले लावून गिअरबॉक्स एकदा हलकेच बसवून काढला की पुढे किती जागा उरते ते क्लेवरच दिसतं. बेल हाउसिंग आणि इंजिनच्या मध्ये ४-५ मिमी फट राहत असेल तर बोल्ट आवळून ती कधीही ओढून घेऊ नये, शाफ्ट आत टेकलेला असतो आणि तो सगळा दाब क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो.

सेंटरिंग तर बहुतेक जण तपासतच नाहीत. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेल हाउसिंगच्या भोकात एक पूर्ण चक्कर फिरवायची, एकूण फरक ०.१३ मिमीच्या आत हवा. गेज ०.३० दाखवत असेल तर हाउसिंग त्याच्या निम्मं, म्हणजे ०.१५ मिमी सरकलेलं आहे, ते ऑफसेट डॉवेलने (मध्य सरकवलेल्या पिनने) सरळ होतं. हे सोडलं तर पायलट बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग लवकर जातं आणि दोष मात्र गिअरबॉक्सला लागतो.

क्लचचं गणित सरळ आहे: घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, सरासरी त्रिज्या आणि दोन बाजू यांचा गुणाकार. ३०० मिमीची साधी ऑरगॅनिक प्लेट, आतला व्यास १७५, गुणांक ०.३ आणि दाब ९००० न्यूटन धरला तर ६४० न्यूटन मीटर येतात, म्हणजे ५०० न्यूटन मीटरच्या इंजिनला पाव हिस्सा वर शिल्लक राहतो आणि तेवढा हवाच. प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणे, व्यास फ्लायव्हीलप्रमाणे. चार सिलिंडरचं डिझेल ७५० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला २५ धक्के देतं, त्यामुळे ड्युअल मास (दोन भागांचं, धक्के शोषणारं) फ्लायव्हील काढून सॉलिड टाकणार असाल तर स्प्रिंगवाली प्लेटच घ्या, नाहीतर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडत राहतो. रिलीज बेअरिंग, फोर्क आणि स्लेव्ह सिलिंडर शक्यतो एकाच सेटमधले घ्यावेत.

ट्रान्सफर केसमध्ये नावावर जाऊ नये. एनपी २३१ याच नावाखाली २१, २३ आणि २७ दात्यांचे इनपुट सापडतात, म्हणून दाते मोजूनच घ्यायचा. तो अ‍ॅल्युमिनियमचा आणि चेनवर चालणारा, हलक्या गाडीला चांगला. एनपी २०५ ओतीव लोखंडाचा, सगळे गिअरच, लो फक्त १.९६ पण गिअरबॉक्सचा पहिला गिअर खोल असेल तर तेवढी पुरते आणि जड गाडीला मी तोच सुचवेन. पुढचा आउटपुट पुढच्या डिफरन्शिअलच्याच बाजूला हवा, जुन्या शेवरोले पिकअपचा २०५ उजवीकडे निघतो तर जीप रँग्लरचा २३१ डावीकडे. जमिनीपासून उंची मिळावी म्हणून केस फिरवून वर बसवतात, तेव्हा तेलाची पातळी ठरवणारा लेव्हल प्लगही फिरतो, त्यामुळे प्लगपर्यंत तेल भरलं तरी आत कमी किंवा जास्त होऊ शकतं, मॅन्युअलमधलं माप बघून तेवढंच मोजून ओतावं. गिअरबॉक्सच्या तेलाचंही तसंच, एनव्ही ४५०० ला जीएल ४ दर्जाचं सिंथेटिक ७५डब्ल्यू ८५ लागतं, आणि कमिन्समागे काम केलेला जुना नग घेत असाल तर मागचं कव्हर काढून पाचव्या गिअरचा नट सैल झालाय का ते आधी बघावं, त्याची ती नेहमीची खोड आहे.